वाढत्या अंगाचं झबलं

४ फेब्रुवारी

ही खरं तर दुकानातली मापांची वही आहे. हिच्यात गिऱ्हाईक, उंची, छाती, बाही आणि शेवटी 'शेरा' असे रकाने छापलेले आहेत. आज बाबांनी ती मला दिली, कारण आईला बाळ होणार आहे आणि त्याचं पहिलं झबलं मी शिवणार आहे. मी! आत्तापर्यंत माझ्या वाट्याला फक्त खिसे आणि बटणं यायची. खिसा मला इतका झकास येतो की आमचे मास्तरसुद्धा ते कबूल करतात. मास्तर चाळीस वर्षं कापड कापतायत आणि सहसा काहीच कबूल करत नाहीत.

बाबांची एक अट आहे. ते म्हणाले, "झबलं झकास झालं, तर बाळ तेच घालून घरी येईल. नाहीतर विकतचं आणू."

शिंप्याच्या घरात विकतचं झबलं! शाळेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

बाबांनी वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय : 'नुसता आकडा म्हणजे माप नव्हे. कुठून कुठपर्यंत, ते आधी लिहावे.' हे ते मला रोज ऐकवतात. मला तोंडपाठ आहे, म्हणून ते पान मी वाचत नाही.

दुपारी आईबरोबर दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाई उंच आहेत आणि प्रश्न विचारला की चिडत नाहीत. त्यांनी सांगितलं की बाळाला बारा आठवडे झाले आणि ते साडेपाच सेंटिमीटर आहे. म्हणजे मास्तरांच्या खडूएवढं. सहाव्या आठवड्यात ते शर्टाच्या अर्ध्या बटणाएवढं होतं, तरी त्याचं हृदय धडधडायला लागलं होतं. आणि त्याला शेपूट होती!

"शेपटीसाठी मागे भोक ठेवायचं का?" मी विचारलं.

"नको. गेली ती केव्हाच," नर्सबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच असते आधी. तुलाही होती."

शिवाय बाळाची बोटं बदकाच्या पायासारखी जोडलेली होती. आता ती सुटी झालीत आणि त्यांना नखं यायला लागलीत. आई म्हणाली, "झालं, आता नखं कापायचं काम वाढलं."

७ फेब्रुवारी

आज मला वर्गाबाहेर उभं केलं. मी फक्त विज्ञानातली एक खरी गोष्ट सांगितली होती. आईच्या पोटात बाळ पाण्याच्या पिशवीत तरंगत असतं. ते पाणी पितं, त्यातच सू करतं आणि परत तेच पितं. मला हे नर्सबाईंनी सांगितलंय. ते पाणी स्वच्छ असतं, आणि गिळायचा आणि सू करायचा सराव असाच होतो. बाळाची खरी घाण नाळेतून आईकडे जाते आणि आई ती बाहेर टाकते. जेवण आणि प्राणवायूसुद्धा नाळेतूनच येतात.

बाई म्हणाल्या, "डबा खायच्या वेळी असलं बोलू नये." पण मी बोलले तेव्हा डब्याला अजून पाच मिनिटं होती.

४ मार्च

सोळा आठवडे. साडेअकरा सेंटिमीटर. वहीत लिहिलं.

बाळ आता कपाळाला आठ्या घालतं. आई म्हणाली, "अगदी बाबांवर गेलंय. गिऱ्हाईक 'थोडं सैल करा' म्हणालं की बाबांचं तोंड असंच होतं." हे खरं आहे. बाबांना सैल शिवायचा भयंकर राग येतो. त्यांचे स्वतःचे शर्ट इतके मापात असतात की जेवण झाल्यावर ते श्वास जपून घेतात.

मास्तरांचं उलट. लहान मुलांचे कपडे ते नेहमी वाढत्या अंगाचे कापतात. "पोर कापडासाठी थांबत नाही," म्हणतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, पण वहीत लिहिते. ते बाळ मला आवडलंच नाही तर? सगळे 'तुला किती आनंद झाला असेल' म्हणतात आणि मी मान डोलवते. झबल्याचं काम आहे ते बरंय. काम असलं की बाकीचा विचार करावा लागत नाही.

१ एप्रिल

वीस आठवडे आणि पंचवीस सेंटिमीटर!

मी नर्सबाईंना दोनदा विचारलं. त्या घाईत होत्या, पण दोन्ही वेळा पंचवीसच म्हणाल्या. आणि आज एक एप्रिल असला तरी त्या तसल्या वाटत नाहीत. त्यांनी सांगितलं की बाळाच्या सगळ्या अंगावर बारीक लव आलीय, वर पांढरं मलम माखलंय, आणि त्याला आता आवाज ऐकू यायला लागतील. पण माझं लक्ष पंचविसातच अडकलं होतं.

चार आठवड्यांपूर्वी साडेअकरा, आज पंचवीस. त्याआधीच्या चार आठवड्यांत ते फक्त सहा सेंटिमीटर वाढलं होतं. कुणीच कसं काही बोलत नाही?

२ एप्रिल

शाळेत गणिताच्या तासाला हिशोब केला. वाढ सहावरून साडेतेरावर गेली, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. अशीच दुप्पट होत राहिली, तर चाळिसाव्या आठवड्यात बाळ साडेआठ मीटरच्या वर जाईल. दुकानाच्या पायरीपासून टेप लावून बघितलं. साडेआठ मीटर म्हणजे पलीकडच्या चहावाल्याच्या बाकापर्यंत येतं.

मी काही मूर्ख नाही. एवढं मोठं बाळ नसतं.

म्हणून मी समजूतदारपणे हिशोब केला. वाढ दुप्पट होणार नाही, दर चार आठवड्यांना साडेतेराच राहील. मग शेवटी बाळ साडेब्याण्णव सेंटिमीटर भरेल. हे पटण्यासारखं आहे.

आता प्रश्न असा की ते आईच्या पोटात मावणार कसं? मी मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "लांबलचक वस्तू छोट्या जागेत मावते का?"

मास्तर म्हणाले, "पलंगपोस पिशवीत मावतोच की. घडी नीट घालता आली पाहिजे."

म्हणजे घडी. सुटला प्रश्न.

आईला काहीही सांगायचं नाही असं मी ठरवलंय. ती घाबरेल.

२९ एप्रिल

चोवीस आठवडे. आज लांबी विचारलीच नाही. मला माहीतच आहे, साडेअडतीस. उगाच नर्सबाईंचा वेळ कशाला घ्यायचा!

आई म्हणते, मशीन चालू झालं की बाळ लाथा मारतं. मी पोटाला कान लावला आणि बाळाने माझ्या गालावर लाथ दिली. इतकं मोठं असून त्या मानाने लाथ फारच हलकी होती. मग टिक, टिक, टिक असं सुरू झालं. बाळाला उचकी लागली होती! आई पाणी प्यायली, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

६ मे

उंची ठरली, पण छाती हवी. बाळाची छाती मोजायला टेप आत जात नाही. मग मला युक्ती सुचली. बाळ आईच्या पोटात आहे, म्हणजे बाळाचा घेर आईच्या पोटापेक्षा जास्त असूच शकत नाही. मी आईचं पोट मोजलं. अठ्ठ्याण्णव.

"कशाला गं?" आईने विचारलं.

"संशोधन," मी म्हटलं.

चिठ्ठी लिहिली. गिऱ्हाईक : नवीन. उंची : साडेब्याण्णव. छाती : अठ्ठ्याण्णव. शेरा : पुढून उघडं, बंदाचं, मऊ सुती. बाबा शाळेच्या गणवेशांत बुडालेत, त्यांचं इकडे लक्ष नाही. चिठ्ठी गुपचूप मास्तरांच्या ढिगात सरकवली. मास्तर चिठ्ठी बघतात, माणूस बघत नाहीत. माणूस बघितला की कात्री चळते, असं त्यांचं म्हणणं आहे.

थोड्या वेळाने त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "उंची कुठून कुठपर्यंत, ते लिहिलं नाहीस."

"लिहायला कशाला हवं? उंची म्हणजे उंची."

"मग खांद्यापासून धरतो," म्हणत त्यांनी कात्री चालवली. "वाढत्या अंगाचं?"

"हो तर!" मी म्हटलं. अंग वाढतंय हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

२७ मे

अठ्ठावीस आठवडे. बाळ आता डोळे उघडझाप करतं. आत बघायला काय आहे, देव जाणे.

आईचं रक्तदाबाचं माप जास्त आलं. तिचे पायही सुजलेत. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय. नर्सबाई बाबांना हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ थोडं लहान वाटतंय. लक्ष ठेवू."

लहान? बावन्न सेंटिमीटरचं? मला हसूच आलं. नंतर कळलं की आई घाबरू नये म्हणून त्या तसं म्हणाल्या असणार. मोठी माणसं एकमेकांना असंच सांभाळून घेतात. घरी येताना बाबांनी माझा हात फार घट्ट धरला होता, बोटं दुखली. त्यांनाही बाळाचा खरा आकार समजला असेल.

१९ जून

झबलं पूर्ण!

मला सहा आठवडे लागले. शिवण दोनदा उसवली, एकदा फ्रॉकच झबल्याला शिवला गेला. सहा बंद लावले. पोटावर एक मोठा खिसा लावला, कारण खिसा मला सगळ्यात छान येतो आणि बाळाला वस्तू ठेवायला लागतीलच. कडा आतून दुमडल्यात, बाळाला टोचायला नकोत.

मास्तरांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "गिऱ्हाईक धिप्पाड दिसतंय," म्हणाले. "खिसा मात्र पहिल्या नंबरचा."

धुतलं, इस्त्री केली. दुकानाच्या पद्धतीने कागदात गुंडाळलं, चिठ्ठी टाचली आणि तयार मालाच्या फळीवर ठेवलं.

आई अंथरुणावरून म्हणाली, "दाखव तरी!" मी म्हटलं, "बाळाच्या आधी कुणीच बघायचं नाही." तिने डोळे पुसले. डोळ्यांत काय गेलं कुणास ठाऊक.

८ जुलै

मी गाढव आहे.

मागच्या खेपेला शाळेत चाचणी होती, म्हणून दवाखान्यात आज गेले. चौतीस आठवडे. मला वाटलं, आता नर्सबाईंना विश्वासात घ्यावं. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. बाळ बहात्तर सेंटिमीटरच्या वर गेलं ना?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या पोटाकडे, आणि मग खुर्चीच घेतली. मी वही दाखवली. साडेपाच, साडेअकरा, पंचवीस. त्या इतक्या हसल्या की दुसऱ्या खोलीतल्या बाई काय झालं ते बघायला आल्या.

मग त्यांनी समजावलं. "अगं, लहान असताना बाळाचे पाय पोटाशी मुडपलेले असतात. ते धड मोजता येत नाहीत. म्हणून आम्ही डोक्यापासून बुडापर्यंत मोजतो. साधारण विसाव्या आठवड्यापासून तक्त्यात डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी देतात. बाळ एकदम वाढलं नाही, मापात पाय आले!"

"आणि आता?"

"साधारण चव्वेचाळीस. आपलं बाळ जरा कमीच."

कुठून कुठपर्यंत. पुठ्ठ्यावर लिहिलंय. बाबांच्या अक्षरात.

घरी आल्यावर पार्सल घेतलं आणि 'न नेलेला माल' लिहिलेल्या फळीवर सगळ्यात मागे कोंबलं. तिथे एका काकांची पँट मी पहिलीत असल्यापासून पडलीय. रात्री जेवले नाही. बाबा विचारत होते काय झालं म्हणून. मी म्हटलं, पोट दुखतंय.

११ जुलै

नवीन झबलं सुरू केलं. छाती, बाही, सगळ्यापुढे कुठून कुठपर्यंत ते लिहिलंय. इतकं इवलंसं आहे की मशीनखाली सापडत नाही. आज एक बाही लावली. ती गळ्याला लागली. उसवली.

१४ जुलै

एक बाही झाली. दुसरी उद्या. घाई नाही, अजून पाच आठवडे आहेत.

१५ जुलै

घाई होती.

आज दुपारी मला बहीण झाली. आईचं रक्तदाबाचं माप फार चढलं, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून बाळाला बाहेर काढलं. मी आणि मास्तर दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मास्तर खिशातला खडू सारखा बाहेर काढत आणि परत ठेवत होते. मला खूप भीती वाटत होती. मी एका बाहीचं झबलं मुठीत धरून बसले होते. ते ओलं झालं.

बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "दोघी ठीक आहेत." मग माझ्या शेजारी बसून रडले. शर्ट इतका घट्ट होता की त्यांना नीट रडताही येत नव्हतं.

१६ जुलै

बाळ काचेतून बघितलं. दोन किलोला जरा कमी. लाल, सुरकुतलेलं, इस्त्री न केलेलं. अंगावर अजून लव आहे आणि कपाळाला आठ्या. माझा हिशोब बरोबर असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. मोठं असतं तर काही झालं नसतं त्याला.

नर्सबाई बाबांना म्हणाल्या, "श्वास छान चाललाय, पण आईच्या पोटात शेवटचे आठवडे बाळ चरबी साठवतं. तेवढा वेळ हिला मिळाला नाही, म्हणून अंग गार पडतं. हिला उघड्या छातीशी धरून बसायचं, अंगाला अंग लावून. त्याच्याइतकी चांगली ऊब नाही. आईला आज उठता येत नाही, तुम्ही बसा. फक्त सैल, पुढून उघडणारं, मऊ काहीतरी घाला. बाळ आत, कापड वरून."

बाबांनी शर्टाची बटणं काढली आणि बाळ आत घेऊन परत लावून बघितली. तो शर्ट त्यांनाच पुरत नव्हता. दवाखान्यातले झगे सगळे मागून बांधायचे. बाबांनी आयुष्यात एकही सैल कपडा शिवून घेतलेला नव्हता.

"सैल," ते म्हणाले. "पुढून उघडं. आत्ता कुठून आणू?"

मी धावत सुटले. मास्तरांनी हाक मारली, पण मी थांबले नाही. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. काकांची पँट बाजूला फेकली, पार्सल काढलं आणि तशीच परत पळाले.

बाबांनी कागद सोडला. चिठ्ठी वाचली. गिऱ्हाईक : नवीन. उंची : साडेब्याण्णव. छाती : अठ्ठ्याण्णव.

"हे काय आहे?"

"झबलं," मी म्हटलं. आणि रडायला लागले. तशीच रडत सगळं सांगितलं, पलंगपोस आणि चहावाल्याच्या बाकासकट.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे शिवण तपासली, दुमडलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. नर्सबाईंनी ते धुतलेलं आहे ना ते विचारून घेतलं. मग बाबांनी शर्ट काढला आणि झबलं घातलं. खांदे बसले. बाह्या बसल्या. नर्सबाईंनी बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं आणि मी सहाही बंद बांधले. बाळाचं बूड बरोबर माझ्या खिशाच्या मागे आलं. बाबांनी खिशात हात घातला आणि बाहेरून तिला अलगद उचलून धरलं.

थोड्या वेळाने तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बाबांच्या गेल्या नाहीत, पण त्या कायमच्या आहेत.

मास्तर दारात उभे होते. म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? खिसा पहिल्या नंबरचा."

२९ जुलै

आज आई आणि बाळ घरी आली. दोन किलो दोनशे. आई हळूहळू चालत होती आणि बाबांकडे बघून हसू आवरत होती, कारण बाबा भर रस्त्यातून झबलं घालून चालले होते. चहावाला बाकावरून उठून उभा राहिला. बाबांनी त्याला मान हलवून नमस्कार केला, हात खिशात होते.

म्हणजे अट पुरी झाली. बाळ तेच झबलं घालून घरी आलं. आत बाबाही होते, पण त्याबद्दल अटीत काही म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी आई म्हणाली, "आता तुझी पाळी." तिने मला पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं, झबलं घातलं. ते माझ्या घोट्यापर्यंत आलं आणि बाह्या वीतभर उरल्या. मग बाळ आत ठेवलं. ते गरम होतं आणि त्याचं हृदय शिवणयंत्रापेक्षा जोरात पळत होतं. खाली दुकानात मास्तरांनी खरंच मशीन सुरू केलं. बाळाने माझ्या पोटात लाथ मारली, तीच, हलकी, आणि झोपलं.

मार्चमध्ये मी इथे काय लिहिलं होतं, ते आज परत वाचलं. खोडत नाही, पण तो प्रश्न सुटला.

गिऱ्हाईक : माझी बहीण.
उंची : सेहेचाळीस. डोक्यापासून टाचेपर्यंत.
आणखी एक माप : माझ्या हनुवटीपासून खिशापर्यंत.
शेरा : माल गिऱ्हाईकाने नेला.